नव्या विद्यार्थ्याने हातात आलेलं वेळापत्रक बदलावं का?

पहिलं_सेमिस्टर
परवा विद्यापीठाचं पहिल्या सत्राचं वेळापत्रक आलं. पाचही दिवस जायचं आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला गणित. मंगळवारी दहाला भाषेचा तास, मग अकरा ते दोन नुसती पोकळी आणि दोन ते पाच प्रॅक्टिकल. अर्थशास्त्राचा एकेक तास सोम-बुध-शुक्र असा पसरलेला, त्यामुळे शुक्रवारी तासाभरासाठी हेलपाटा.

तुकडी बदलायला दहा दिवसांची मुदत आहे. कागदावर मी जुळवून पाहिलं. गणिताची मंगळ-गुरु दुपारी बाराची तुकडी घेतली आणि अर्थशास्त्राची बुधवारची सलग तीन तासांची, तर सगळं तीन दिवसांत बसतं. सोमवार आणि शुक्रवार मोकळे! घरचे म्हणतात, दिलंय ते निमूट घे, आल्या आल्या नखरे नकोत. मला हे पटत नाही. आठवडे माझे जाणार आहेत, संगणकाचे नाहीत. तुमचं काय मत?

रातपाळी
बदल, आणि आजच बदल. मुदत दहा दिवसांची असली तरी बऱ्या वेळांच्या जागा आधीच उडतात. आठच्या तासाबद्दल तर वादच नको. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथे कुणाला कुठला तास, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. म्हणजे 'आळशी मुलंच उशिराची तुकडी घेतात' हा नेहमीचा आक्षेप तिथे लागू होत नाही. आठच्या आधीचा तास ज्यांच्या वाट्याला आला, ते त्या दिवशीच्या सगळ्याच विषयांत मागे पडले. दिवसच्या दिवस नासतो.

पहिला_बाक
रातपाळी, अभ्यास मान्य. पण बाराचा तास घेतला की झोप वाढेल, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. माझ्या खोलीतल्या मुलाने असाच दुपारचा तास घेतला. महिन्याभरात त्याची झोपायची वेळ एकवरून तीनवर गेली आणि बाराच्या तासालाही तो डोळे चोळतच यायचा.

मला खरी भीती त्या सलग तीन तासांची वाटते. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ सालीच निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ करून दाखवलं होतं, की तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ उजळण्यांनी एका दमात केलेल्या ६८ उजळण्यांचं काम होतं. सोम-बुध-शुक्र ही विभागणी कुणी तुला छळायला केलेली नाही. शिवाय ताप आला आणि एक बुधवार बुडाला, की आख्खा आठवडा बुडाला.

रातपाळी
एबिंगहाउस उजळणीबद्दल बोलत होता, बाकावर बसण्याबद्दल नाही. तीन दिवस तीन तासांना बसून वही एकदाही न उघडणारे मी ढिगाने पाहिलेत. बुधवारी सलग ऐकावं आणि मोकळ्या शुक्रवारी अन् सोमवारी वही काढावी, झाली की विभागणी.

पहिला_बाक
मोकळ्या शुक्रवारी वही काढणारा माणूस मला एकदा दाखवा. नमस्कार करीन.

तक्ता_मांडणारा
मी बरीच वर्षं वेळापत्रक समितीत काढली आहेत, तेव्हा दोघांनाही थोडं ऐकवतो. घरच्यांचं 'निमूट घे' मला मान्य नाही. पहिलं वेळापत्रक कुणी तुझ्याकडे बघून केलेलं नसतं. वेळापत्रकाचा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, हे ईव्हन, इताई आणि शमीर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७६च्या निबंधात सिद्ध केलं. साध्या भाषेत, खोल्या, शिक्षक आणि तुकड्या वाढत गेल्या की सगळ्यांच्या अटी पाळणारी मांडणी हमखास आणि झटपट शोधून देणारी रीत कुणाला सापडलेली नाही. आम्ही 'निदान दोन तास एकमेकांवर आदळत नाहीत ना' एवढं बघतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. त्यामुळे विचारायला, बदलायला लाजू नकोस.

पण कागदावर तू फक्त लेक्चरच्या चौकटी हलवल्यास असं दिसतंय. मोठ्या तुकडीला बहुतेक वेळा ट्युटोरियल बांधलेलं असतं आणि ते त्या तुकडीबरोबरच सरकतं. बाराच्या गणिताचं ट्युटोरियल कधी आहे, पाहिलंस का? दुसरं, बऱ्याच ठिकाणी परीक्षेची तारीख लेक्चरच्या वेळेवरून ठरते. सगळं तीन दिवसांत कोंबलं की पेपरही लागोपाठ येऊ शकतात. आणि नव्या तुकडीतली जागा पक्की झाल्याचं दिसल्याशिवाय जुनी सोडू नकोस. सोडलेल्या जागेवर प्रतीक्षा यादीतला माणूस टपलेलाच असतो. दोन्हीकडून लोंबकळणारी मुलं दर सत्रात आमच्या दाराशी यायची, आणि तेव्हा आमच्याही हातात काही नसायचं.

मधला_तास
अकरा ते दोनच्या पोकळीला सगळे शिव्या घालताहेत, म्हणून तिची बाजू घेतो. नव्या ठिकाणी ओळखी तासात होत नाहीत, तासांच्या मध्ये होतात. माझं पहिलं सत्र मी हौसेने असंच दाबून बसवलं होतं. तास, तास, तास, घर. सत्र संपेपर्यंत मला चार जणांची नावंसुद्धा माहीत नव्हती, आणि आजारी पडलो तेव्हा नोट्स कुणाकडे मागायच्या हा प्रश्न पडला.

रातपाळी
तीन तास ओळखी करून घ्यायला लागतात?

मधला_तास
मला लागले असते.

पहिलं_सेमिस्टर
तक्तावाले काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. बाराच्या गणिताचं ट्युटोरियल बुधवारी आहे आणि ते त्या तीन तासांच्या अर्थशास्त्रावर बरोबर मधोमध आदळतं. दोन्ही मिळणार नाही. रात्रभर विचार करून बाराचं गणित घेतलं. आधी तिथली जागा पक्की केली, मगच आठची तुकडी सोडली. अर्थशास्त्र होतं तसंच ठेवलं. म्हणजे पहिला_बाक यांचा अर्धा विजय, पण तो एबिंगहाउसमुळे नाही, ट्युटोरियलमुळे, हे नोंदवून ठेवते. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

रातपाळी
म्हणजे शुक्रवारचा हेलपाटा कायम! असो. निदान सोमवारी पहाटे उठणं तरी वाचलं.

पहिला_बाक
सोमवारचं अर्थशास्त्र किती वाजता असतं?

पहिलं_सेमिस्टर
नऊला. हसू नका.