मदत हवी आहे: जुन्या वजनामापांबद्दल रेडिओवर बोलायचंय, कसं बोलू?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. गुरुवारी सकाळी ११ ला रेकॉर्डिंग आहे आणि मधे चारच दिवस, म्हणून जरा घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

माझ्याकडे जुनी वजनं आणि मापं आहेत, लहानमोठी मिळून ६३. सुरुवात बाबांच्या दुकानापासून झाली. मल्हारगंजला आमचं किराण्याचं दुकान होतं, ते बंद केलं तेव्हा तराजू कोणीतरी नेला पण वजनं कोणाला नको होती, ती मी घरी आणली. मग बर्तन बाजारात मोडीत आलेली पितळी मापं दिसली की वितळायला जायच्या आत आणायची, असं करत करत वाढत गेलं. मागच्या आठवड्यात तिथेच एका दुकानात उभी होते तर रेडिओवाली एक मुलगी बाजाराबद्दल दुकानदाराशी बोलत होती, तो म्हणाला, "इन आंटी से पूछो, ये पुराने नाप ले जाती हैं," आणि तिने माईक सरळ माझ्यासमोर धरला. मी मापट्याबद्दल सांगायला लागले तर तिने विचारलं, एक मापटं म्हणजे कितने किलो? आणि मी गडबडीत बोलून गेले, आधा किलो.

हे चुकलं हो. मापटं हे वजन नाहीच, ते भरायचं माप. घरी येऊन आमच्याच मापट्यात भरून काट्यावर ठेवलं, तांदूळ साडेचारशे ग्रॅमच्या वर गेला आणि पातळ पोहे शंभर ग्रॅमसुद्धा भरले नाहीत. त्यात शीग लावून भरलं की सपाट, यानेही फरक पडतो. आणि ते चुकीचं वाक्य दुसऱ्या दिवशी लागलं पण! लोकांना आवडलं म्हणून आता स्टुडिओत १५ मिनिटांसाठी बोलावलंय. एवढी वर्षं जपून ठेवलेल्या गोष्टीबद्दल आपणच चुकीचं सांगितलं याचं मला फार वाईट वाटतंय, तर पहिला प्रश्न हाच, ती चूक तिथे सुरुवातीलाच सांगून टाकावी का? की आधी त्या मुलीला फोन करून कळवू?

दुसरा प्रश्न, कार्यक्रम हिंदीत आहे. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, हे आपल्याला पाठ असतं, पण हिंदीत चिपट्याला काय म्हणू? माझ्या मते मराठी शब्दच ठेवून समजवावं. इथे मराठी घरांत हे शब्द अजून आहेत आणि निदान एकदा तरी रेडिओवर ते ऐकू यावेत असं मला मनापासून वाटतं. तोलायचा शेर मात्र वेगळा, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. १९५८ पासून हळूहळू किलोची वजनं आली तेव्हा बाबांच्या गल्ल्याशेजारी बरीच वर्षं दोन्ही सेट असायचे, कारण गिऱ्हाईक पावशेरच मागायचं. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा, आपण अजून २५० ला पावशेर म्हणतो. हे सांगितलं तर लोकांना रस वाटेल ना, की आकडे फार होतील?

तिसरा सगळ्यात अवघड. रेडिओवर वस्तू दिसत नाही, मग नेऊ काय? लोखंडी वजन पालथं केलं की खाली खळग्यात शिसं भरलेलं असतं, त्यावर तपासणीचे छाप, एकावर एक ठोकलेले, काही इतके झिजलेत की नुसतं बोटाला लागतात. हे बोलून कसं दाखवायचं? मला वाटतंय एक मापटं आणि थोडी ज्वारी न्यावी आणि माईकजवळ मापून दाखवावं. धान्य पडताना आधी खणखण वाजतं, भरत आलं की आवाज बसका होतो, मग वरून हात फिरवून सपाट करायचं. आजी मापताना पहिल्या मापाला एक नाही म्हणायची, "लाभ" म्हणायची, मग दोन, तीन. तसंच मोजावं म्हणते. कोणी रेडिओवर काम केलं असेल तर सांगा, हे आवाज नीट येतात का आणि स्टुडिओत धान्य नेऊ देतात का?

अजून एक, एका काकूंनी विचारलंय की यातलं मनाला सगळ्यात जवळचं कोणतं, म्हणून इथेच लिहिते. पितळी मापटं आहे, तोंडाशी आणि बुडाशी रुंद, मधे कमरेत बारीक, आणि काठाला एका बाजूला पोचा. आईने लग्नात हेच ओलांडलं होतं, पाय जरा जोरात लागला आणि ते उंबऱ्याच्या आत फरशीवर जाऊन आपटलं. तो पोचा आजीने कधी काढून घेतला नाही. माझ्या लग्नात सासरी दुसरं होतं, पण सुनेसाठी मी हेच ठेवलं. ते नेणार आहे. किंमत विचारली तर सांगायची नाही एवढं ठरवलंय, परवा त्या मुलीने तेच दोनदा विचारलं होतं.

आणि एका मापाचं नाव पक्कं हवंय. चिपट्याच्या बरोबर निम्मं आहे, दोनदा भरून ओतलं की चिपटं भरतं. आजी त्याला कोळवं म्हणायची, आत्या म्हणते निळवं. तुमच्या घरी काय म्हणतात ते गावाच्या नावासकट लिहा. पुन्हा चुकीचं बोलायचं नाहीये. बुधवारी रात्रीपर्यंत लिहिलंत तर मी कागदावर उतरवून घेईन.