आधी पोर्टचा दिवा बघा

जुन्या लॅपटॉपवर वायफाय चालतं, पण केबल लावली की नेट येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर उत्तर देणाऱ्या दोघांनी विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय. कृपा करून इतक्यात तसं करू नका, दोष बहुतेक वेळा त्याच्या खूप आधी सापडतो.

केबल खोचल्यावर पोर्टचा, म्हणजे केबल जिथे खोचतो त्या खाचेजवळचा, छोटा दिवा स्थिर राहतो का? राहत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची काळी खिडकी, जिथे आज्ञा टाइप करतात) आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा, लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतलाय.

आमच्या ऐरोलीच्या घरी दिवा सारखा लागायचा, विझायचा. केबल खिडकीच्या चौकटीतून आत आलेली, दोन पावसाळ्यांत टोकाच्या पिना हिरवट पडलेल्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या वेगाला, केबलमधल्या आठही तारा धड लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात: १, २, ३ आणि ६. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या (केबलचं नेट सांभाळणारा लॅपटॉपमधला भाग) अॅडव्हान्स्ड टॅबवर 'स्पीड अँड डुप्लेक्स' १०० वर ठेवलं, आणि नेट लगेच सुरू! मग टोक कापून नवा आरजे-४५ (केबलच्या टोकाचा प्लग) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, घेतला, सेटिंग परत ऑटोवर.

दिवा अजिबातच लागत नसेल तर दुसऱ्या केबलने, राउटरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. तरीही नाही, तर चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. अडकलेलं कार्ड कधी कधी एवढ्यानेच जागं होतं.

दिवा काय करतो ते कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.