गच्चीवरच्या खोलीला हाऊसरॅप की साधं प्लास्टिक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर आईसाठी खोली बांधतोय. जुन्या घरावर वजन नको म्हणून लोखंडी सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट बोर्ड. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा थेट मारा असतो, तिथे खिडकीही आहे.

बाहेरच्या बोर्डाच्या आतून टायवेक ब्रँडसारखं हाऊसरॅप, म्हणजे भिंतीला गुंडाळायचं कापडासारखं आवरण, लावावं असं मला वाटतं. मिस्त्री म्हणतात, काळं प्लास्टिक ताणून मारू, काम स्वस्तात होईल. पण स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलंच तर ते वाळणार कुठून? हाऊसरॅप पॉलिथिनच्या बारीक तंतूंचं असतं. पाणी अडवतं, वाफ जाऊ देतं. प्लास्टिक दोन्ही कोंडून ठेवतं आणि आतला लोखंडी सांगाडा गंजला तर बाहेरून कळणारही नाही. आईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे बुरशीची मला फार धास्ती आहे.

वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढवायची, म्हणजे पाणी ओघळून खाली जातं, एवढं ठाऊक आहे. अडतंय ते खिडकीपाशी. चौकटीभोवती कापड कसं कापायचं आणि टेप आधी खालच्या बाजूला लावायची की कडांना? बोर्ड आणि रॅपमध्ये पट्ट्या मारून फट ठेवावीच लागते का? बोर्ड यायला उशीर झाला तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात रॅप उघडं किती दिवस चालेल?

सोलापुरात कुणाकडे सुटं मिळतं का, की पुण्याहून अख्खा रोलच मागवावा लागेल? स्वतः लावून घेतलेल्यांनी जरूर सांगा, फोटो असतील तर फारच उत्तम.