मदत हवी आहे : नऊ पीसी, एकच होम डिरेक्टरी आणि रोल नंबर ७ चं घर

नमस्कार मंडळी,

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहे. शिकवतो गणित, पण ‘सरांना लिनक्स येतं’ असं एकदा कुणीतरी बोललं आणि लॅबची किल्ली माझ्या गळ्यात पडली. नऊ पीसी, सगळ्यांवर लिनक्स मिंट. मुलं रोज वेगळ्या मशीनवर बसतात. परवाचा प्रोग्रॅम चार नंबरवर राहिला म्हणून चार नंबरसमोर रांग, हे नेहमीचंच. पेनड्राइव्ह मी बंद केलेत, कारण एकाच पेनड्राइव्हमधून निम्म्या वर्गाची प्रॅक्टिकल्स बाहेर पडली होती. चुकांसकट.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एका जुन्या पीसीला १ टीबीची डिस्क लावली, त्यावर डेबियन लिनक्स टाकून त्याचा सर्व्हर केला आणि एनएफएसने (एका मशीनवरची फोल्डरं नेटवर्कवरून बाकीच्यांना वापरू देणारी सोय) सगळ्यांची होम डिरेक्टरी, म्हणजे ज्याच्या त्याच्या फायली-सेटिंगचं फोल्डर, तिथे नेली. कुठेही लॉगिन केलं तरी आपलंच घर उघडावं, एवढीच अपेक्षा. बहुतेक वेळा उघडतं. पण :

पाच आणि सहा नंबरच्या मशीनवर रोल नंबर ७ ला स्वतःच्याच फोल्डरमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि तिच्या फायली रोल नंबर ९ च्या नावावर दिसतात! या दोन मशीनवरची खाती आधीच्या सरांनी केली होती, बाकीची मी. युजरनेम आणि पासवर्ड सगळीकडे तेच आहेत, तपासलंय.

दुसरं, फायरफॉक्स अधूनमधून ‘आधीच चालू आहे’ म्हणून उघडतच नाही.

तिसरं सगळ्यात वाईट. वीज गेली की इन्व्हर्टरवर पीसी चालू राहतात, सर्व्हरही चालू असतो, माउस हलतो, पण एकही फाईल उघडत नाही. वीज आली की थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत. तोवर दोघांनी तरी पॉवर बटण दाबलेलं असतं. नेटवर ‘सॉफ्ट माउंट करा’ (माउंट म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर मशीनला जोडणं) असा सल्ला दिसला. करू का?

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १
सर, एनएफएस म्हणजे तलाठी कार्यालय समजा. तुमचं नाव विचारत नाही, गट नंबर बघतं. हा गट नंबर म्हणजे यूआयडी, प्रत्येक खात्याला मशीनने दिलेला क्रमांक. मिंटवर पहिलं खातं १००० नंबरचं, पुढची ओळीने. आधीच्या सरांनी वेगळ्या क्रमाने खाती केली, म्हणून तिथला १००७ कुणी दुसराच आहे. फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ कमांडला ‘एलएन’ हा पर्याय लावून बघा, नावांच्या जागी आकडे दिसतील आणि गोंधळ लगेच कळेल. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत नावं जातात म्हणून हे चालून जाईल असं वाटतं, पण साध्या मांडणीत परवानगी तपासली जाते ती नंबरावरच. त्या दोन मशीनवरची खाती उडवा आणि सर्व्हरवरचेच नंबर देऊन नव्याने करा. दरवर्षी नवी बॅच येणार असेल तर आत्ताच एलडॅपकडे (सगळी खाती एकाच ठिकाणी ठेवायची सोय) वळा.

आणि कुणी ‘नो रूट स्क्वॅश’ लिहायला सांगितलं तर ऐकू नका. मुलांच्या मशीनवरच्या रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला, सर्व्हर मुद्दामच ‘नोबडी’ समजतो. ही अडवणूक काढलीत तर लॅबमध्ये ज्याला रूट मिळेल तो सगळ्या वर्गाच्या घरात शिरेल. अकरावीची मुलं आहेत, मिळवतीलच.

प्रतिसाद २
सॉफ्ट माउंट अजिबात नको. सर्व्हर गायब झाला की हार्ड माउंट थांबून राहतं आणि तो परत आला की काम तिथून पुढे चालू होतं. सॉफ्ट ठरावीक वेळ वाट बघून चूक परत पाठवतं, आणि मुलगा फाईल सेव्ह करत असेल तर ती अर्धवट राहू शकते.

पण मला एक सांगा, नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या पीसींच्या आणि सर्व्हरच्या केबली जिथे जोडल्यात तो डबा, कुठे लावलाय?

फायरफॉक्सचं कारण : कुणीतरी लॉगआउट न करता उठलंय. एक प्रोफाईल एका वेळी एकाच ठिकाणी उघडतं. सगळ्या मशीनवर आवृत्तीही एकच ठेवा, नव्याने वापरलेलं प्रोफाईल जुना फायरफॉक्स घेत नाही. मी तर म्हणेन, अख्खं होम नेऊच नका. होम त्या त्या मशीनवर राहू दे, सर्व्हरवरून फक्त ‘काम’ नावाचं एक फोल्डर जोडा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

प्रतिसाद ३
दुसऱ्यांच्या शेवटच्या मुद्द्याशी असहमत. मुलांना सेटिंगसकट आपलं घर हवं असतं, वॉलपेपरवरून भांडणं होतात हो! मात्र स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर सगळ्यांना मिळून सेकंदाला जेमतेम १२ एमबी मिळणार. आधी तो गिगाबिट करा.

धागाकर्ता
स्विच दाराच्या वर, पंख्याच्या बोर्डावर. तो बोर्ड इन्व्हर्टरवर नाही. महिनाभर मी एनएफएसला शिव्या देत होतो.

आज शिपाईकाकांना सांगून स्विचपर्यंत इन्व्हर्टरची वायर ओढून घेतली. दुपारी तासभर वीज नव्हती, एकही पीसी अडला नाही. यूआयडीचं काम रविवारी करतो. एकच शंका : रोल नंबर ७ च्या फोल्डरमध्ये पाच नंबरवरून ९ ने ज्या फायली केल्यात, त्या सर्व्हरवर ७ च्याच नंबराने पडल्यात. कुणाची कुठली हे आता मुलांना विचारूनच ठरवायचं का?