मदत हवी आहे: पेन्सिलची इमोजी काळीच का दिसते?

रामबागकर: गणेशोत्सवातल्या मुलांच्या निबंध स्पर्धेचं काम आहे. शीर्षकात पेन्सिल टाकली की काळी, बारीक दिसते. शेजारची 📌 मात्र लालभडक. आज राजवाड्याजवळच्या प्रेसला पत्रक द्यायचंय. लवकर सांगा.

खिळेजुळारी: शीर्षकात म्हणजे कशाच्या? पत्रकाच्या की ऑनलाइन फॉर्मच्या? आणि पेन्सिल उचलली कुठून?

पोहेजलेबी: 📝 टाका, विषय संपला. २०१० च्या युनिकोड ६.० (संगणकावरच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) मधली आहे, मुळातच रंगीत.

रामबागकर: दोन्हींच्या. 📝 नको, ती ‘नोंद घ्या’ वाटते. पेन्सिलच हवी.

खिळेजुळारी: मग ऐका. ✏️ ✒️ ✂️ 🖇️ ही मुळात मजकुरातली चिन्हं. त्यांच्या लगेच उजवीकडे एफई०एफ हे अदृश्य चिन्ह असलं तरच रंगीत रूपाची हमी. 📌 📎 📝 यांना ते लागत नाही. फोनच्या इमोजी कीबोर्डवरून टाकलं की ते आपोआप येतं. वेबपानावरून किंवा वर्डच्या सिम्बॉलमधून उचललं की बहुधा नसतंच. वर्डमध्ये कर्सर पेन्सिलच्या उजवीकडे चिकटवून ठेवा, रोमन लिपीत एफ, ई, शून्य, एफ टाइप करा आणि लगेच ऑल्ट-एक्स दाबा.

टाकबोरू: पेन्सिल राहू द्या, पत्रकात पत्त्यापुढे 📌 लावली असेल तर बदला. पत्त्याला 📍. 📌 म्हणजे महत्त्वाचं, वर टाचून ठेवलेलं. आणि तारखेपुढे 📅 नको, बऱ्याच फोनांवर तीत १७ जुलै दिसते.

पोहेजलेबी: 📌 बघून कोणी रस्ता चुकत नाही हो.

टाकबोरू: १७ जुलै बघून तारीख चुकतात. ॲपलने २००२ साली आयकॅल हे कॅलेंडर ॲप जाहीर केलं तो दिवस आहे तो.

रामबागकर: पत्ता कोणी विचारला? ऑल्ट-एक्स केलं, ढिम्म फरक नाही.

खिळेजुळारी: ती पेन्सिल इथे जशीच्या तशी चिकटवा बरं.

रामबागकर: ✎

खिळेजुळारी: हे आधी दाखवायचं ना भिया! हिचा युनिकोड क्रमांक २७०ई. इमोजीवाली पेन्सिल २७०एफ. ✎ आणि ✐ यांना रंगीत रूपच नाही, नंतर काहीही जोडा. पुन्हा शंका आली तर कर्सर चिन्हाच्या लगेच उजवीकडे ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, कोड दिसतो.

टाकबोरू: या पेन्सिली अक्षररचनाकार हर्मन झाफच्या १९७८ च्या डिंगबॅट्स या चिन्हांच्या फाँटमधल्या. छपाईसाठीच काढलेल्या, सुबक आहेत. उगाच नावं ठेवू नका.

पोहेजलेबी: प्रेसला मजकुरात इमोजी देऊच नका. फाँट श्रीलिपी (युनिकोड नसलेला जुना) असेल तर रूपांतरात उडते, नाहीतर चौकोन येतो. ट्वेमोजी किंवा नोटो या खुल्या इमोजी-संचांतलं एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं) चित्र द्या. ॲपलचं नको, त्यावर हक्क आहेत.

रामबागकर: प्रेसवाला विचारतोय, रंगीत चित्र कशाला? पत्रक एकरंगीच आहे.

खिळेजुळारी: एकरंगी! मग पत्रकात ✎ हीच ठेवा. ✏️ चा पिवळा रंग फिक्या करड्या ठिपक्यांत जाईल, लहान आकारात नुसता डाग दिसेल. ✎ कर्व्ह करून (अक्षराचं रेषाचित्र करून) द्या, म्हणजे प्रेसच्या मशीनवर फाँट नसला तरी अडणार नाही. फॉर्ममध्ये फोनवरून ✏️ टाका.

पोहेजलेबी: आणि ती 📌? एकरंगीत तीही करडीच.

टाकबोरू: म्हणूनच म्हणतोय, 📌 काढा. पत्त्याआधी ‘स्थळ’ लिहा.