उत्तर: उत्तर: ५२व्या मिनिटाचा हशा (रविवारपर्यंत हवंय!!)

प्रेषक: माई, कॉलेज रोड

मंडळी,

परवा सोहळ्यात आपण हॉलमध्ये ज्यांचा भुताचा सिनेमा पाहिला, त्या मुलांचा आज परत फोन. एडिटिंगवाला सोमवारी बसतोय आणि त्यांना आपल्याकडून एवढंच हवंय: ५२व्या मिनिटाला, ती भूतबाई माळ्यावरून पहिल्यांदा खाली उतरते तेव्हा हॉलमध्ये जो हशा पिकला, तो तिला होता की त्याच वेळी दार ढकलून चहाचा ट्रे घेऊन आत आलेल्या पोऱ्याला? तिला असेल तर प्रसंग कापणार म्हणतात. नाशिकच्या तिवंध्यातला तो वाडा त्यांना एकाच रात्रीपुरता मिळाला होता, परत शूटिंग होणं नाही. तेव्हा जरा आठवून लिहा.

"छान प्रयत्न" कृपया लिहू नका. अभिप्रायाच्या फॉर्मवर बहुतेकांनी तेच लिहिलंय.

माई

प्रेषक: बापू (खजिनदार)

हशा पोऱ्याला. मी दाराशीच होतो.

चहा मध्यंतरात द्यायचा असं ठरलं होतं आणि केटररला मी स्वतः तसं बजावलं होतं. त्याआधी त्याला आत कोणी बोलावलं ते सांस्कृतिक समितीने सांगावं. शिवाय फॉर्म रंगीत कागदावर छापायचं कुठल्या बैठकीत ठरलं? माझ्याकडे फक्त पावती आली.

बापू

प्रेषक: अण्णा, इंदिरानगर

बापू, तुम्ही दाराशी होतात म्हणजे पडद्याकडे तुमची पाठ होती. मी चौथ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून. हसणं दार उघडायच्या आधी सुरू झालं. माझ्या शेजारच्या वहिनी आधी किंचाळल्या, मग स्वतःच्याच किंचाळण्याला हसल्या, मग त्यांच्या मागची रांग त्यांना हसली. भुताला कोणीच हसत नव्हतं.

मुलांनी प्रश्नच अर्धवट विचारलाय. माणूस दचकला की छातीत धरून ठेवलेला श्वास सुटतो आणि काही झालं नाही हे कळलं की हसू फुटतं. हौशी रंगभूमीवर रहस्यनाट्यं केलेल्या कोणालाही विचारा. तो हशा मिळाला तर प्रसंग जमला. भुताच्या कमरेची दोरी दिसली म्हणून येणारा हशा वेगळा, तो मागच्या रांगांतून येतो आणि त्यात एखादी शिट्टी असते. इथे तो पुढून मागे गेला.

मोजायचंच असेल तर नीट मोजा. मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांनी १९३५च्या त्यांच्या सिनेमाचे प्रसंग चित्रीकरणाआधी गावोगावच्या रंगमंचावर करून पाहिले होते. कुठे किती वेळ हसतात ते बघून संवादांमध्ये तेवढी जागा सोडली. आपल्या मुलांनी जागाच सोडलेली नाही. ती उतरल्यावर आजोबा जे बोलतात ते कोणाला ऐकू आलं?

आणि दोरीचंच म्हणाल, तर आपण फाळक्यांच्या गावातले. १९१७ साली त्यांच्या 'लंकादहन' या मूकपटात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंक्यांनीच केले आणि लोकांनी हात जोडले. आपण मात्र दोरी शोधत बसतो.

अण्णा

प्रेषक: ताई, रेडिंग

अण्णा, शेवटच्या परिच्छेदाशिवाय सगळं पटलं. साळुंक्यांच्या वेळी समोर देव होते. तिथे कोण हसणार?

आम्ही लिंकवर घरीच पाहिला. आम्ही दोघं आणि मुलगा. ५२व्या मिनिटाला ती उतरली तेव्हा कोणीही हसलं नाही, कोणीही किंचाळलं नाही. हे म्हणाले, "बरी आहे मेकअपवाली." एवढंच. असला सिनेमा तीन माणसांत बघायचा नसतो, शेजारी कोणीतरी आधी घाबरावं लागतं. त्यामुळे आमची प्रतिक्रिया मोजू नका.

पण एक गोष्ट मुलांना जरूर कळवा. मुलगा सबटायटल वाचतो, आणि आजोबांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी ते खाली आलेलं असतं. तो हसून मोकळा झाला, मग आम्ही त्याला "काय झालं" विचारेपर्यंत वाक्य संपलं. विनोदाचं वाक्य दोन तुकड्यांत द्या, शेवटचा तुकडा आजोबांच्या तोंडून निघेल तेव्हाच दिसू दे.

हा शूरवीर रात्री आमच्या दोघांच्या मध्ये येऊन झोपला ते वेगळं. पोस्टरवर वय घालायला हवं होतं.

ताई

प्रेषक: बापू (खजिनदार)

लिंक फक्त कार्यकारिणीसाठी होती. रेडिंगला कशी पोहोचली?

बापू

प्रेषक: माई, कॉलेज रोड

ताई गेल्या वर्षापर्यंत कार्यकारिणीत होती, बापू. गणपतीचं मखर तिच्याच गॅरेजमध्ये आहे.

वयाचं: अजून सेन्सॉरकडे गेलेला नाही. नोव्हेंबर २०२४ पासून यूए प्रमाणपत्राचे (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचं ते) ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन भाग झालेत. मुलांना ७ची आशा आहे, मला १३ वाटतं. त्या बाहुलीच्या प्रसंगामुळे. पण आत्ता ५२व्या मिनिटाबद्दल बोला हो!

माई

प्रेषक: दादा, बर्मिंगहॅम (मूळ मालेगाव)

बाहुलीचा प्रसंग काढू नका, तो सगळ्यात भारी आहे.

मी शेवटच्या रांगेत उभा होतो (खुर्च्या कमी पडल्या, पण ते जाऊ दे). मागे शिट्टी झाली. ती मीच वाजवली. दोरीसाठी नाही, तिची एन्ट्री आवडली म्हणून. आमच्याकडे शुक्रवारी यंत्रमाग बंद, सगळं गाव थिएटरात. आवडलं तरी शिट्टी, नाही आवडलं तरी शिट्टी, फरक वाजवणाऱ्यालाच कळतो. २०२३च्या दिवाळीत तर आमच्या लोकांनी सलमानच्या सिनेमाला थिएटरच्या आतच फटाके लावले. त्याचं समर्थन करत नाही. पण अण्णांचा मागच्या रांगेचा नियम आमच्या तालुक्यात चालणार नाही.

आमच्या शेख नासिरभाईंनी २०००मध्ये 'शोले'ची नक्कल करून 'मालेगाव के शोले' केला तेव्हा लोकांना त्यातली काटकसर दिसत नव्हती का? सायकलवर कॅमेरा बांधून ट्रॉलीचं काम भागवलेलं. लोक हसत होते ते आपल्याच गल्लीतला माणूस पडद्यावर बघून. त्यामुळे दोरी दिसली तरी माझी हरकत नाही. फक्त मुलांनी ठरवावं की ती दाखवायची आहे की लपवायची आहे. आता अर्धवट दिसते.

दादा

प्रेषक: छोटी, पाथर्डी फाटा

सगळे भांडताय, पण माझ्या फोनवर हॉलचा आवाज रेकॉर्ड आहे हे कोणीच विचारत नाही. मी सोहळ्याच्या दिवशीच सांगितलं होतं.

फोन चिवड्याच्या ताटलीशेजारी होता, त्यामुळे कुरकुर बरीच आहे. तरी हेडफोन लावून परत परत ऐकलं. क्रम असा: शांतता. एक किंचाळी (शेजारच्या वहिनीच असणार). छोटा हशा, त्यात दादाची शिट्टी. मग दार करकरतं, कप खुळखुळतात आणि कोणीतरी मोठ्याने म्हणतं, "अरे, आत्ता नको, आत्ता नको!" मग मोठा हशा. तो बराच वेळ चालतो आणि आजोबांचं वाक्य त्यात पूर्ण बुडतं.

म्हणजे दोन हशे आहेत. पहिला सिनेमाचा, दुसरा चहाचा.

अजून एक. ती उतरायच्या आधी माळ्यावर खर्जातली घरघर सुरू होते, लिंकवर हेडफोनने ऐकली तर अंगावर येते. रेकॉर्डिंगमध्ये ती नाहीच. आधी वाटलं फोनने पकडली नसेल, पण हॉलमध्येही मला ती ऐकू आली नव्हती. समोरचे ते दोन छोटे स्पीकर भाषणापुरते आहेत, एवढा खालचा आवाज त्यांना पेलत नाही. त्यामुळे भीती चढायला हवी तेवढी चढलीच नाही आणि पहिला हशा छोटा राहिला. चांगल्या थिएटरात मोठा येईल असं मला वाटतं.

छोटी

ता. क. "आत्ता नको" हा आवाज बापूकाकांचा आहे.

प्रेषक: बापू (खजिनदार)

आवाज माझाच. मी त्याला थांबवत होतो. माझ्या पहिल्या मेलमध्ये हेच लिहिलं आहे. रेकॉर्डिंग करायची परवानगी कोणी दिली?

बापू

प्रेषक: अण्णा, इंदिरानगर

छोटी, शाब्बास. "आत्ता नको" हे सिनेमातलंच वाक्य आहे असं मला वाटलं होतं. अगदी वेळेवर पडलं. मुलांनी ते आजोबांना द्यावं.

अण्णा

प्रेषक: माई, कॉलेज रोड

पाठवून दिलं सगळं: छोटीचं रेकॉर्डिंग, ताईचं सबटायटलचं, दादाची दोरी. प्रसंग ठेवताहेत. आजोबांचं वाक्य थोडं मागे सरकवणार आणि त्याआधी त्यांचा चेहरा जरा जास्त वेळ दाखवणार, तेवढं फुटेज आहे म्हणाले. "आत्ता नको" घेणार का ते कळवलं नाही, पण फोनवर खूप हसले.

नवीन कट तयार झाला की सगळ्यांना परत दाखवायचा आहे. कुसुमाग्रज स्मारकात विशाखा सभागृह मिळतं का ते विचारते. स्पीकर बाहेरून आणू. चहा सिनेमा संपल्यावर.

माई

प्रेषक: बापू (खजिनदार)

स्पीकरचं भाडं कोणत्या खात्यातून? आणि चहा "संपल्यावर" म्हणजे किती वाजता ते लिहून द्या. केटररला तोंडी सांगून काय होतं ते आपण पाहिलं.

बापू