प्रोटीनने मुलाचं वजन उतरतं का?

चिंतातुर बाबा:
मुलगा दहा वर्षांचा, वजन ५२ किलो. मानेमागे काळपट, मखमलीसारखा पट्टा उठला होता. मी मळ समजून आठवडाभर घासत बसलो, आता आठवलं की लाज वाटते. तो पट्टा बघूनच रक्त तपासलं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तसाखर, ५.९ टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. जिममधला मित्र म्हणतो, प्रोटीन पावडर सुरू कर. करू का?

निळी छत्री:
डबा आणू नका. आमच्या लेकीच्या वेळी मीही हाच घोळ घातला होता. तिच्या वजनाला थेट गुणून प्रथिनांचा आकडा काढला, वहीत तक्ता वगैरे. आहारतज्ज्ञ बाईंनी वही मिटून बाजूला ठेवली. या वयात किलोमागे दिवसाला साधारण ०.९५ ग्रॅम पुरतात, आणि हिशोब उंचीला शोभेल अशा वजनावर करायचा, साठलेल्या चरबीवर नाही. तेवढं ती आधीपासूनच खात होती!

मग बदलली ती फक्त सकाळ. बिस्किटं आणि फळांचा रस पिऊन गेली की अकरा वाजता पोटात कावळे. त्याऐवजी दोन अंडी, म्हणजे बारा-एक ग्रॅम, आणि अख्खं फळ. जेवणापर्यंत खाऊच्या डब्याकडे फिरकेना. गुण अंड्यांचा की रस बंद केल्याचा, देव जाणे. माझा संशय रसावरच.

अर्धी रात्र:
ऑस्ट्रेलियात १० ते १७ वर्षांच्या अशाच मुलांवर प्रयोग झाला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला २५-३० टक्के ऊर्जा प्रथिनांतून, दुसऱ्याला १५. मेटफॉर्मिन हे साखरेवरचं औषध दोघांनाही. सहा महिन्यांनी दोन्ही गट सुधारले, पण एकमेकांत म्हणावा असा फरक नाही. मुलाला जे झेपेल ते द्या.

चिंतातुर बाबा:
रस! रोज मोठा पेला मीच भरून देतो, पौष्टिक म्हणून. आणि अंडं दिसलं की हा नाक दाबतो.

निळी छत्री:
मग घट्ट दही, उकडलेले चणे, मासे, जे जाईल ते. काटा लगेच खाली यायची वाट बघू नका. उंची वाढतेय, वजन तिथंच थांबलं तरी पुष्कळ. आणि त्याचं एकट्याचं ताट वेगळं वाढू नका. आम्ही वाढलं, लेक पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही.